इमाबारीचे टॉवेल, अरिताची भांडी: नावाचा हक्क कारागिराला जगवतो का?

एहिमेकर

नमस्कार मंडळी. नोकरीच्या निमित्ताने जपानच्या शिकोकू बेटावर, एहिमे प्रांतात राहतो. याच प्रांतात इमाबारी नावाचं बंदराचं शहर आहे. जपानमध्ये टॉवेल म्हटलं की इमाबारी, एवढं त्याचं नाव. १८९४ पासून इथे टॉवेल विणले जातात. मधल्या काळात मात्र हा धंदा बुडायच्या बेतात होता आणि तो सावरण्यात ट्रेडमार्कचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे हा विषय निघाला की चर्चा 'जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, अभिनंदन' इथेच संपते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

१९९१ साली इमाबारीत वर्षाला सुमारे ५० हजार टन टॉवेल निघत होते. मग बाहेरून स्वस्त माल यायला लागला, मुख्यतः चीनमधून. २००१ मध्ये इथल्या कारखानदारांनी आयातीवर निर्बंध घाला म्हणून सरकारकडे धाव घेतली, पण निर्बंध काही आले नाहीत. २००९ पर्यंत उत्पादन १० हजार टनांच्या खाली गेलं. सत्तरच्या दशकात पाचशेच्या आसपास कारखाने होते, ते शंभर-सव्वाशेवर आले. शिवाय बरेचसे कारखाने दुसऱ्यांसाठी माल करत. टॉवेलवर नाव एखाद्या फॅशन ब्रँडचं, इमाबारीचं कुठेच नाही. विणणारा कोण हे गिऱ्हाईकाला कळायची सोयच नव्हती.

२००६ मध्ये टॉवेल कारखानदारांच्या संघाने काशिवा सातो या डिझायनरला हाताशी धरलं. लाल, निळा, पांढरा असा साधा लोगो तयार झाला आणि 'इमाबारी टॉवेल' हे नाव संघाच्या मालकीचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं गेलं. लोगो काय, कुणीही काढतो. संघाने पुढे जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. इमाबारीत विणलं म्हणून लोगो मिळत नाही. टॉवेलचा सेंटिमीटरभर चौकोनी तुकडा कापून पाण्यावर सोडतात. पाच सेकंदांच्या आत तो बुडायला लागला पाहिजे. नाही बुडाला तर लोगो नाही. रंग टिकतो का, धागे सुटतात का, याही चाचण्या आहेत. प्रत्येक लेबलवर एक क्रमांक असतो, त्यावरून टॉवेल कोणत्या कारखान्याचा ते संघाला लगेच कळतं. म्हणजे एकाने खराब माल काढला तर सगळ्यांच्या नावावर खापर फुटत नाही, नेमका तो सापडतो.

उत्पादन १९९१ च्या जवळपासही गेलेलं नाही, पण घसरण थांबली आणि २०१० च्या दशकात आकडा पुन्हा १० हजारांच्या वर आला. कारखाने आता स्वतःच्या नावाने विकतात. माझं म्हणणं एवढंच की नुसत्या नोंदणीने काही होत नाही, नावामागे कुणीतरी पाळायला लावलेली कसोटी लागते. तुम्हाला काय वाटतं? जपानमधली आणखी उदाहरणं कुणाला माहीत असतील तर जरूर लिहा.

गोदाकाठ

सुरेख धागा. त्या पाच सेकंदांच्या चाचणीबद्दल पहिल्यांदाच वाचलं.

एक शंका आहे. टॉवेल यंत्रमागावर निघतो. तिथे कसोटी लावणं सोपं, दहा हजार नग एकसारखे असतात. मी चिनीमातीचं काम करते. माझ्या भट्टीतून निघालेले दोन पेले कधी सारखे नसतात आणि तीच त्यांची किंमत आहे. हातकामाला अशी चाचणी लावायची कशी? जपानमध्ये हातकामाच्या कलांसाठी वेगळा कायदा आहे असं ऐकलं होतं.

रेशीमगाठ

गोदाकाठताई, आहे. मी क्योतोत वस्त्रकलेचा अभ्यास करते, त्यामुळे या कायद्याचा उल्लेख दर आठवड्याला कानावर पडतो.

१९७४ चा पारंपरिक हस्तकला उद्योगांचा कायदा. सरकारी यादीत यायचं तर अटी अशा: वस्तू रोजच्या वापरातली हवी, मुख्य काम हाताने व्हायला हवं, तंत्र आणि कच्चा माल परंपरेने चालत आलेला हवा (शंभर वर्षांचा दाखला लागतो) आणि त्या भागात ते काम करणारी बऱ्यापैकी वस्ती हवी. आजघडीला २४० हून जास्त कला यादीत आहेत. मान्यता मिळालेल्या वस्तूला एक ठरावीक चिन्ह असलेलं लेबल लागतं. म्हणजे इथे वस्तू कशी वागते ते तपासत नाहीत, ती कशी घडली ते तपासतात. तुमच्या दोन न जुळणाऱ्या पेल्यांना यात काहीच अडचण नाही.

तरीही कला घसरायच्या थांबल्या नाहीत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या सगळ्या कलांची मिळून उलाढाल ५०० अब्ज येनच्या वर होती. २०१६ च्या सुमारास ती १०० अब्जांच्या आसपास राहिली. काम करणारी माणसं तीन लाखांच्या जवळपास होती, ती साठ-सत्तर हजारांवर आली. राहिलेल्यांत म्हातारी माणसं जास्त.

इथल्या निशिजिन विणकामाचं घ्या. नाव जगप्रसिद्ध, लेबल आहे, ट्रेडमार्क आहे. पण ओबी, म्हणजे किमोनोवर बांधायचा पट्टा, घेणारेच कमी झाले तर लेबल काय करणार? होसोओ नावाचं १६८८ पासूनचं घराणं आहे. त्यांनी मूळ प्रश्नच बदलला. निशिजिनचा पट्टा साधारण ३२ सेंटिमीटर रुंद, कारण ओबीला तेवढीच रुंदी लागते. त्यांनी दीड मीटर रुंदीचं कापड निघेल असा माग स्वतः तयार केला. मग तेच सोनेरी-चंदेरी विणकाम सोफ्यावर, भिंतीवर जायला लागलं. दिओर या फ्रेंच फॅशन ब्रँडच्या दुकानांच्या सजावटीत त्यांचं कापड आहे. खरी संपदा तो माग आणि तो चालवायची हातोटी. ती तुम्ही कागदावर नोंदवा अगर न नोंदवा, दुसऱ्याला एका दिवसात उचलता येत नाही.

अनुजा_टीएम

मी ट्रेडमार्कचंच काम करते, त्यामुळे थोडी कायद्याची बाजू.

जपानमध्ये पूर्वी 'गावाचं नाव + वस्तूचं नाव' असा ट्रेडमार्क सहसा मिळत नसे. कारण साधं आहे, त्या गावात ती वस्तू करणाऱ्या प्रत्येकाला ते शब्द वापरायचा हक्क आहे, एकालाच कसे द्यायचे? देशभर नाव गाजलेलं असेल तरच अपवाद. अडचण अशी की गाजेपर्यंत थांबायचं तर तोवर नकली माल बाजार भरून टाकतो. एप्रिल २००६ पासून त्यांनी 'प्रादेशिक सामूहिक ट्रेडमार्क' सुरू केला. अर्ज फक्त सहकारी संघासारख्या संस्थेला करता येतो, आसपासच्या प्रांतांत नाव माहीत असल्याचं दाखवावं लागतं आणि पात्र माणसाला संघाने सभासदत्व विनाकारण नाकारायचं नाही. २०१४ मध्ये व्यापारी मंडळं आणि ना-नफा संस्थांनाही दार उघडलं. अशी नावं आता सातशेच्या वर आहेत.

ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. नाहीतर चार मोठे व्यापारी संघ काढून छोट्या कारागिराला त्याच्याच गावाचं नाव वापरायला बंदी करू शकतात.

मात्र एक लक्षात घ्या. हा ट्रेडमार्क गुणवत्तेची हमी मागत नाही. इमाबारीची चाचणी कायद्याने लादलेली नाही, ती संघाने आपणहून घेतली. जपानचं भौगोलिक मानांकन २०१५ पासून आलं, त्यात गुणवत्ता तपासणं बंधनकारक आहे, पण ते शेती, मासे, खाद्यपदार्थ आणि तत्सम मालापुरतं. मातीची भांडी किंवा विणलेलं रेशमी कापड त्यात बसत नाही. आपल्याकडे पैठणीलाही जीआय मिळतं आणि हापूसलाही. तिथे दोन वेगळ्या वाटा आहेत.

मंदार के

अरिता आणि हासामीची गोष्ट इथे यायलाच हवी.

क्यूशू बेटावर सागा प्रांतात अरिता आहे, जपानी पोर्सेलीनचं माहेरघर. डोंगर ओलांडला की नागासाकी प्रांतातलं हासामी. हासामीत कित्येक पिढ्या रोजच्या जेवणाची भांडी बनत आली. पण हा माल अरिताच्या व्यापाऱ्यांमार्फत बाहेर पडायचा आणि 'अरिता' म्हणूनच विकला जायचा. त्याआधीच्या काळात तर इमारी बंदरातून गलबतं जायची म्हणून सगळ्यालाच 'इमारी' म्हणत. हासामीच्या कुंभारांचं नाव ग्राहकाच्या कानावर कधी पडलंच नाही.

२००० च्या सुमारास जपानमध्ये मालाच्या मूळ ठिकाणाबद्दल कडक धोरण आलं आणि हासामीला अरिताचं नाव लावता येईना. विचार करा, पिढ्यान्‌पिढ्या ज्या नावावर पोट भरलं ते नाव एकदम गेलं. गावावर संकटच ते. मग त्यांनी 'हासामी' हे स्वतःचं नाव पुढे आणलं. मारुहिरो नावाच्या तिथल्या कंपनीने नाराच्या नाकागावा मासाशिची शोतेन या १७१६ पासूनच्या व्यापारी घराण्याचा सल्ला घेतला आणि जाड, ठसठशीत, एकावर एक रचता येणारे रंगीत मग काढले. आज टोकियोतली तरुण मुलं हासामी हे नाव घेऊन भांडी मागतात.

दुसरी बाजू अरिताची. चीनमध्ये माल न्यायला गेले तर 'अरिता-याकी' (अरिताची भांडी) हे नाव तिथे आधीच दुसऱ्याच कुणीतरी नोंदवून ठेवलेलं. चारशे वर्षांची परंपरा, आणि ते नाव परदेशातल्या प्रदर्शनात लावायची चोरी! ट्रेडमार्क देशागणिक वेगळा असतो हे कारागिरांना कुणी वेळेत सांगायला नको का? घरच्या कुलपाने शेजारच्या गावातलं शेत राखलं जात नाही.

अस्वस्थ_वाचक

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मी थोडा वेगळा सूर लावतो.

नाव 'समाजाच्या' मालकीचं म्हणताना तो समाज कोण, हे ठरवतं कोण? ओकाझाकी शहरातल्या हाच्चो मिसोचं उदाहरण हस्तकलेचं नसलं तरी डोळ्यांत अंजन घालणारं आहे. सोयाबीनचा हा गडद मिसो (आंबवलेली घट्ट पेस्ट) मोठ्या लाकडी पिंपात घालून, वर दगडांचा डोंगर रचून दोन वर्षांहून जास्त मुरवतात. हाच्चो हे मूळ वस्तीचं नाव, आणि तिथे हे काम करणारी दोनच जुनी घराणी उरली आहेत, काकुक्यू आणि मारुया. २०१७ च्या अखेरीस भौगोलिक मानांकन मिळालं ते आइची प्रांताच्या संघाला. त्यांच्या नियमांत मुरवायचा काळ कमी, पिंप लाकडीच हवं असं नाही. ही दोन घराणी संघात नव्हती. म्हणजे ज्यांच्यामुळे नाव झालं तेच मानांकनाच्या बाहेर राहिले. मारुया कोर्टात गेले, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही त्यांच्या पदरी काही पडलं नाही.

कायदा आला म्हणजे न्याय आला असं मी म्हणणार नाही. कसोटी सैल ठेवली की मोठा उत्पादक नाव खातो. अति कडक ठेवली की उद्या एकच घर उरतं आणि तेही बंद पडतं.

अनुजा_टीएम

@अस्वस्थ_वाचक, हे उदाहरण दिलंत ते फार चांगलं केलंत. म्हणूनच नियमावली लिहिली जात असताना जुन्या घराण्यांनी रागाने बाहेर पडू नये, भांडायचं ते आत बसून भांडावं असं मी माझ्या अशिलांना सांगते. एकदा कागद सरकारी दप्तरात गेला की तो बदलायला वर्षं जातात.

चिन्मयी

अ‍ॅनिमेवाल्या पिढीकडून एक प्रतिसाद. :)

'डेमन स्लेयर' हे जपानी कॉमिक आणि त्यावरचं अ‍ॅनिमे (कार्टून मालिका) तुफान चाललं तेव्हा शुएइशा या प्रकाशनसंस्थेने २०२० मध्ये त्यातल्या पात्रांच्या कपड्यांवरच्या नक्ष्या ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा अर्ज केला. नायक तांजिरोच्या अंगावर हिरवा-काळा चौकडा आहे. हा चौकडा म्हणजे जपानची जुनी 'इचिमात्सु' नक्षी, एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) ज्याच्या-त्याच्या कपड्यांवर असायची. पेटंट कार्यालयाने तांजिरोचा अर्ज फेटाळला. नेझुकोचा आणि झेनित्सुचाही फेटाळला, ज्या तीन नक्ष्या खरोखर वेगळ्या होत्या त्या तेवढ्या नोंदवल्या. मला हा निर्णय ऐकून फार बरं वाटलं. नाहीतर पिढीजात चौकडा छापणाऱ्या रंगाऱ्याला उद्या प्रकाशकाची परवानगी मागावी लागली असती.

पण उलटंही घडतं. २०२३ मध्ये कानाझावाच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात पोकेमॉन आणि हस्तकला असं प्रदर्शन भरलं. धातू, माती, लाखकाम, विणकाम अशा वेगवेगळ्या माध्यमांतल्या वीस कलाकारांनी पोकेमॉन घडवले. पुढे ते लॉस एंजेलिसलाही गेलं. कंपनीची पात्रं म्हणजे बौद्धिक संपदाच की, आणि इथे ती कारागिराला वापरायला मिळाली. जी मुलं एरवी लाखकामाच्या दालनात पाय ठेवणार नाहीत ती पिकाचूसाठी आली. हा रस्ता मला सगळ्यात आशादायक वाटतो.

रेशीमगाठ

चिन्मयी, पोकेमॉनबद्दल सहमत, पण त्यात कारागीर परक्याच्या पात्रावर अवलंबून राहतो. ओकिनावाच्या बिंगाताने याच्या उलट वाट धरली आहे.

बिंगाता म्हणजे र्‍युक्यू राज्यातली (पूर्वीच्या ओकिनावातली) कापडाची रंगाई. कागदाची स्टेन्सिल कापून, तांदळाच्या पिठाची खळ लावून, वर तेजस्वी रंग भरतात. स्टेन्सिल कापताना खाली काय ठेवतात माहितीये? वाळवून कडक केलेला टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर! त्याला 'रुकुजू' म्हणतात. कारागीर तो स्वतः वाळवतात. त्यातलं तेल सुरीच्या पात्याला लागत राहतं आणि पातं अडखळत नाही. १९४५ च्या लढाईत ओकिनावा बेचिराख झालं. एइकी शिरोमा यांनी युद्धानंतर जे हाताला लागलं त्यावर काम परत सुरू केलं. अमेरिकन सैन्याने टाकून दिलेल्या नकाशांच्या कागदाची स्टेन्सिल, खळ पिळायच्या पिशवीला काडतुसाच्या रिकाम्या नळीचं तोंड, खळ पसरायला ग्रामोफोनच्या तुटक्या तबकड्या.

अशी जपलेली नक्षी आज छापील शर्टांवर, पिशव्यांवर, पर्यटकांच्या दुकानात जागोजागी दिसते आणि त्यातला एक येन कारागिराला मिळत नाही. म्हणून कारागिरांनी आणि स्थानिक उद्योगांनी मिळून एक संघटना उभी केली. ती नक्ष्यांचा डिजिटल संग्रह करते आणि कपड्यांच्या कंपन्यांना परवाना देते. त्याचं मानधन बिंगाता करणाऱ्यांकडे जातं. ओकिनावात उन्हाळ्यात ऑफिसला घालतात त्या कारियुशी शर्टांवर त्या नक्ष्या आल्या आहेत. हाताने रंगवलेला किमोनो लाखो येनचा, तो घेणारा वर्षात एखादा. परवान्याचे पैसे थोडे असतील, पण महिन्याचं भाडं भागलं तरी तरुण माणूस या धंद्यात टिकतो.

गोदाकाठ

वाळवलेला टोफू! हे वाचून आत कुठेतरी हललं. अशी हत्यारं कुठल्याच नोंदणीत येत नाहीत, आणि ती गेली की कलाही गेली.

एहिमेकर

गोदाकाठताई, हत्यारं आणि कच्चा माल याबद्दल जोबोजीचं उदाहरण देतो. इवाते प्रांतात निनोहे शहराचा हा भाग. इथे उरुशीच्या झाडाला चिरा देऊन चीक काढतात, तोच जपानी लाखकामाचा जीव. झाड पंधरा-वीस वर्षं वाढवायचं, एका हंगामात, जूनपासून शरदापर्यंत चीक काढायचा आणि मग ते तोडायचं. एवढ्या सगळ्यातून मिळतो किती? जेमतेम २०० मिलिलिटर. जपानमध्ये लागणाऱ्या चिकातला देशी वाटा अगदी थोडा, बाकी सगळा चीनहून येतो. २०१८ मध्ये 'जोबोजी उरुशी'ला भौगोलिक मानांकन मिळालं.

पण मानांकनाच्या आधी, २०१५ मध्ये सांस्कृतिक खात्याने ठरवलं की राष्ट्रीय ठेवा असलेल्या मंदिरांच्या डागडुजीला देशी उरुशीच वापरायची. मागणी तिथून आली. मानांकनाने नाव सुरक्षित केलं, झाडं लावायची हिंमत मात्र त्या निर्णयाने दिली. बाहेरची तरुण मुलं चीक काढायला शिकायला निनोहेला जाताहेत. रेशीमगाठ यांनी निशिजिनबद्दल लिहिलं तेच इथेही दिसतं, घेणारा हवा.

सोलापुरी_सूत

मंडळी, उशिरा आलोय, पण राहवत नाही. आमच्या घरात तीन पिढ्या माग आहेत. सोलापूरच्या टेरी टॉवेलला आणि चादरीला जीआय आहे, इमाबारीच्या ट्रेडमार्कच्या आसपासच्याच काळातलं. दोन्हीकडे टॉवेल, दोन्हीकडे नावाला कायद्याचं संरक्षण. मग फरक कुठे पडला ते हा धागा वाचताना कळलं.

बाहेरगावी विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून आमच्याच गिऱ्हाइकाला विकली जाते. गिऱ्हाईक दोन धुण्यांत ती विरली की शिव्या सोलापूरला घालतं. आमच्याकडे लेबलवर कारखान्याचा क्रमांक असता, दुकानदाराने तो मागितला असता, तर हे निम्मं थांबलं असतं. दुसरं म्हणजे जीआय संस्थेच्या नावावर असलं तरी प्रत्येक विणकराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंद करायची असते. आमच्या गल्लीत ती किती जणांनी केली असेल? बहुतेकांना असं काही असतं हेच माहीत नाही.

कोल्हापुरीचं गेल्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडच्या मिलानच्या शोमध्ये तशाच चपला आल्या, आरडाओरडा झाला, मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. कोर्टाने सांगितलं की ज्यांच्या नावावर नोंदणी आहे त्यांनी यावं. पुढे लिडकॉम (महाराष्ट्र) आणि लिडकर (कर्नाटक) या चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाचा करारही झाला. त्यातून चांभाराच्या हातात काय पडतं ते बघायचं.

एहिमेकर दादा, पाच सेकंदांची चाचणी नव्या टॉवेलवर करतात की धुतलेल्या? नव्याला खळ असते, तो पाणी लवकर घेत नाही.

एहिमेकर

काका, अगदी विणकराचा प्रश्न विचारलात! दोन्हीवर करतात. एकदा न धुतलेल्यावर, एकदा तीन धुण्यांनंतर. न धुतलेलाही बुडला पाहिजे म्हणून खळ आधीच पूर्ण काढावी लागते आणि तिथेच इमाबारीच्या पाण्याचा फायदा होतो. ताकानावा डोंगरातून येणारं सोजा नदीचं पाणी मऊ आहे, त्यात क्षार कमी. धुलाईत सूत कडक होत नाही.

सोलापुरी_सूत

मग आमच्याकडे तोच नियम जसाच्या तसा चालणार नाही, आमचं पाणी जड. धुलाईच्या पाण्याचाच विचार आधी करावा लागेल. पण तीन धुण्यांनंतरची चाचणी आम्हाला सहज करता येईल. रविवारी आमच्या विणकरांची बैठक आहे, तिथे हा धागा वाचून दाखवतो. अनुजाताई, अधिकृत वापरकर्त्याच्या अर्जाला काय काय कागद लागतात ते सांगाल का? पंधरा-वीस जणांचे एकदम करायचे आहेत.

अनुजा_टीएम

काका, जरूर. तुम्ही तिथलेच उत्पादक आहात आणि तो माल स्वतः करता हे दाखवणारी कागदपत्रं मुख्य. वीजबिल, उद्यम नोंदणी, मागाचे फोटो, जुन्या पावत्या, जे असेल ते गोळा करायला घ्या. नोंदणी ज्या संस्थेच्या नावावर आहे तिचं पत्र जोडलंत तर काम लवकर होतं. सगळ्यांचे अर्ज एकाच वेळी टाकू. व्यक्तिगत निरोप पाठवते, रविवारच्या आधी फोनवर बोलू.